नकार कोणत्या दरवाजातून आला?

रिमोट डेस्कटॉप म्हणजे एका संगणकाचा पडदा, कीबोर्ड आणि माऊस दुसऱ्या ठिकाणाहून वापरणे. ज्या संगणकाचा ताबा घ्यायचा, त्याच्यावर एक प्रोग्राम सतत कान देऊन बसलेला असतो. या संगणकाला यजमान म्हणू आणि ताबा मागणाऱ्याला पाहुणा. पाहुणा यजमानाच्या पत्त्यावर, ठरलेल्या पोर्टवर हाक मारतो. यजमान ओ देतो, ओळख पटते आणि पडदा उघडतो. मायक्रोसॉफ्टच्या आरडीपीचे ठरलेले पोर्ट 3389, व्हीएनसी कुळातल्या प्रोग्रामांचे 5900. जोडणी नाकारली जाते तेव्हा या साखळीतली बहुधा एकच कडी निसटलेली असते, आणि ती कोणती हे नकाराच्या तऱ्हेवरून पुष्कळदा ओळखता येते. तरीही ‘कनेक्ट होत नाही’ या तीन शब्दांपलीकडे चौकशी जात नाही आणि राउटर बंद करून चालू करणे हाच सगळ्या दुखण्यांवरचा काढा ठरतो.

उदाहरणादाखल रामटेकच्या बाजारपेठेतले एखादे दुकान घेऊ. काउंटरवरच्या संगणकात टॅली आहे. हिशेब पाहणारा लेखापाल सुमारे 50 किलोमीटरवर नागपुरात बसतो. महिन्याची 20 तारीख जवळ आली, जीएसटीआर-3बी भरायचे आहे, आणि नेमका त्याच दिवशी दुकानाचा संगणक दाद देत नाही. लेखापाल फोनवर सांगतो, ‘एकदा राउटर बंद करून चालू करा.’ कधी त्याने काम होते, कधी दुखणे वाढते. वाढते कसे ते पुढे येईलच.

रामटेकच्या गडावर मंदिराकडे जाताना वराह, सिंगपूर, भैरव आणि गोकुळ असे दरवाजे एकामागून एक लागतात. पहिल्याच दरवाजातून परत फिरलेल्याने चौथ्याच्या किल्लीची चौकशी करण्यात अर्थ नसतो. जोडणीच्या वाटेवरही असेच दरवाजे आहेत: इंटरनेटचा रस्ता, दुकानाचा राउटर, संगणकाची फायरवॉल, कान देणारा प्रोग्राम आणि शेवटी ओळखीची तपासणी. पासवर्ड बदलून पाहण्याआधी आपण पासवर्डाच्या दरवाजापर्यंत पोचलो होतो का, हे विचारायला हवे. बरेच लोक तिथे पोचलेले नसतात आणि पासवर्ड मात्र तीनदा बदलून बसलेले असतात.

नकार आणि मौन

इंटरनेटवरची बहुतेक जोडणी टीसीपी या नियमावलीने होते. तिचा मूळ दस्तऐवज सप्टेंबर 1981चा आहे आणि गाभा अजून तोच आहे. पाहुणा एक छोटे पॅकेट पाठवतो. त्याचा अर्थ ‘जोडायचे आहे’. त्या पोर्टवर कोणी ऐकत असेल तर ‘ठीक, मीही तयार’ असे उत्तर येते, पाहुणा त्याला पोच देतो आणि जोडणी सुरू होते. कोणीच ऐकत नसेल, तर यजमानाची कार्यप्रणाली स्वतःच ‘रीसेट’चे पॅकेट परत धाडते. हाच खरा ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. तिसरी शक्यता अशी की काहीच परत येत नाही. पॅकेट वाटेत कोणी गिळले, पत्ता चुकला किंवा संगणकच बंद आहे. मग पाहुणा पुन्हा पुन्हा हाका मारतो आणि थकून ‘टाइम्ड आउट’ म्हणतो.

(आरडीपी 2012 पासून चित्रासाठी यूडीपीही वापरतो. यूडीपीत पोच नसते. कालिदासाच्या यक्षाने रामगिरीवरून मेघाकडे दिलेल्या निरोपासारखा तो पाठवायचा आणि पोचला असेल असे धरून चालायचे. हा रामगिरी म्हणजे रामटेकच, असे संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी आग्रहाने मांडले होते. यूडीपी अडला तरी जोडणी टीसीपीवर होते, फक्त कमजोर लाइनवर पडदा अडखळत हलतो. नकाराचे कारण तिथे शोधू नये.)

नकार आणि मौन यांत फरक करायला घड्याळ पुरते. विंडोजवर खरा नकार एक-दोन सेकंदांत हातात पडतो. मौन साधारण 21 सेकंद ताणते. आकडेही वेगळे आहेत. विंडोजमध्ये नकाराचा क्रमांक 10061 आणि मौनाचा 10060. लिनक्समध्ये 111 आणि 110. मॅकवर 61 आणि 60. व्हीएनसीचे अनेक प्रोग्राम हे क्रमांक संदेशातच दाखवतात. विंडोजचा स्वतःचा रिमोट डेस्कटॉप मात्र या बाबतीत कंजूष आहे. दूरस्थ प्रवेश चालू नसेल, संगणक बंद असेल किंवा नेटवर्कवर नसेल, अशी तिन्ही कारणे तो एकाच चौकटीत मांडतो आणि निवड वाचणाऱ्यावर सोडतो.

ती निवड करण्यासाठी पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा यजमानाचा पत्ता आणि पोर्टचा क्रमांक देऊन चालवावी. शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आले तर टीसीपीची जोडणी झाली, म्हणजे रस्ता, राउटर, फायरवॉल आणि कान देणारा प्रोग्राम हे दरवाजे उघडे आहेत. अडचण ओळखीत आहे. ‘फॉल्स’ आले तर अडचण त्याआधीची. नुसत्या पिंगवर विसंबू नये. विंडोजची फायरवॉल पुष्कळदा पिंगला उत्तरच देऊ देत नाही, त्यामुळे पिंग न येणारा संगणकही ठणठणीत चालू असू शकतो.

नकार मिळाला म्हणजे समोर कोणीतरी जिवंत आहे, एवढे नक्की. पण तो कोणी दिला, हा प्रश्न उरतोच, आणि बरीच पुस्तके इथे घाई करतात. विंडोजची फायरवॉल चालू असताना, ज्या पोर्टवर कोणीच ऐकत नाही तिथली हाक ती सहसा मुकाट गिळते, रीसेट बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे दुकानाच्या विंडोज संगणकावर रिमोट डेस्कटॉप नुसता बंद असला तरी बाहेरून दिसते ते मौन. उलट झटपट 10061 आला, तर तो नकार त्या संगणकाचा नसून वाटेतल्या राउटरचा किंवा भलत्याच यंत्राचा असण्याची शंका घ्यावी.

दुकानातल्या उदाहरणात हे भलतेच यंत्र कसे शिरते ते पाहण्यासारखे आहे. राउटरने दुकानाच्या संगणकाला 192.168.1.5 हा पत्ता दिलेला आहे. बाहेरून 3389 वर येणारी हाक या पत्त्याकडे वळवायची, अशी नोंद राउटरमध्ये कोणीतरी कधीकाळी करून ठेवली आहे. दुपारी लाइट जाते. परत आल्यावर राउटर उठतो आणि मागेल त्याला क्रमाने पत्ते वाटतो. संगणक सुरू व्हायला वेळ लागतो, वायफायवरचा प्रिंटर लगेच जागा होतो आणि 5 क्रमांक पटकावतो. संगणकाला मिळतो 7. आता नागपुरातून आलेली हाक प्रिंटरकडे जाते. प्रिंटर जिवंत आहे, 3389 वर काही ऐकत नाही, म्हणून तो तत्परतेने नकार देतो. नकार खरा आहे, पण प्रिंटरचा. पासवर्ड, फायरवॉल, विंडोजची आवृत्ती यांतले काहीही तपासून उपयोग नाही, आणि राउटर पुन्हा बंद-चालू केला तर पत्ते पुन्हा पिसले जातात. कधी संगणकाला 5 मिळतो आणि उपचार लागू पडल्यासारखा वाटतो. यजमानावर ‘आयपीकॉन्फिग’ चालवून आजचा पत्ता पाहिला की उलगडा होतो. राउटरच्या सेटिंगमध्ये त्या संगणकासाठी एकच पत्ता राखून ठेवला की हे दुखणे परत येत नाही.

यजमानाच्या घरी

रस्ता तपासण्याआधी घर तपासलेले बरे, कारण ते सोपे आहे आणि काउंटरवरचा मुलगाही फोनवर ऐकत ते करू शकतो. पहिला प्रश्न विंडोजच्या आवृत्तीचा. विंडोज होम आणि भारतात विकल्या जाणाऱ्या पुष्कळ लॅपटॉपांवरची विंडोज होम सिंगल लँग्वेज या आवृत्त्यांमधून दुसऱ्या संगणकावर आरडीपीने जाता येते, पण त्यांच्यावर कोणाला येता येत नाही. येऊ देण्याची सोय प्रो आणि त्यावरच्या आवृत्त्यांत आहे. सेटिंगमध्ये ‘रिमोट डेस्कटॉप’ हे पान उघडले की ही आवृत्ती ते चालवू देत नाही, असा मजकूर दिसतो. ते पान उघडायचे मात्र कोणाला सुचत नाही. होमवर व्हीएनसी किंवा मध्यस्थाकरवी जोडणारे प्रोग्राम चालतात, तेव्हा इथे अडून बसण्याचे कारण नाही.

आवृत्ती प्रो असेल आणि सोय चालू केलेली असेल, तर ऐकणारा खरोखर ऐकतो का ते पाहावे. कमांड प्रॉम्प्टवर ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा ए, एन आणि ओ ही अक्षरे जोडून दिली की सगळ्या पोर्टांची यादी येते. तीत 3389 समोर ‘लिसनिंग’ हवे. ओळच नसेल तर ‘रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस’ ही सेवा बंद आहे किंवा पोर्ट बदललेले आहे. ओळ असेल तर डाव्या बाजूचा पत्ता नीट वाचावा. 0.0.0.0 म्हणजे कोणत्याही वाटेने आलेली हाक ऐकली जाते. 127.0.0.1 असेल तर प्रोग्राम स्वतःच्याच संगणकातून आलेली हाक ऐकतो, बाहेरची नाही. व्हीएनसीमध्ये ही चूक नेहमीची, कारण त्याच्या सेटिंगमध्ये ‘फक्त लूपबॅक’ असा पर्याय असतो आणि एका टिचकीने तो लागतो.

याच्या उलटाही एक सापळा आहे. व्हीएनसी बसवल्यावर माणूस त्याच संगणकावरून स्वतःलाच जोडून पाहतो आणि नकार खातो. टाइटव्हीएनसी आणि अल्ट्राव्हीएनसी यांत स्वतःशीच जोडणी मुळात बंद ठेवलेली असते, कारण पडद्यात पडदा, त्यात पुन्हा पडदा अशी आरशासमोर आरसा धरल्यासारखी गत होते. या नकाराचा बाहेरच्या जोडणीशी संबंध नाही. चाचणी नेहमी दुसऱ्या यंत्रावरून करावी. घरातला मोबाइल चालतो.

झोपेचे कारण क्षुल्लक वाटते, पण दुकानांत तेच जास्त भेटते. ठरावीक मिनिटे कोणी हात लावला नाही की संगणक झोपतो, लॅपटॉपचे झाकण लावले की झोपतो; झोपलेला संगणक हाक ऐकत नाही आणि पाहुण्याला मौन मिळते. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतरच जोडणी तुटते, अशी तक्रार असेल तर आधी पॉवरची सेटिंग पाहावी.

वाटेवर

192.168 ने सुरू होणारा पत्ता घराच्या भिंतींच्या आतला असतो. असे खासगी पत्ते 1996 मध्ये कायमचे ठरवून दिले गेले: 10 ने सुरू होणारे, 172.16 ते 172.31 पर्यंतचे आणि 192.168 चे. लाखो घरांत तोच 192.168.1.5 आहे, त्यामुळे नागपुरातल्या घरी बसून तो आकडा टाकला तर हाक नागपुरातल्याच कुठल्या तरी टीव्हीकडे जाईल. बाहेरून येण्यासाठी राउटरचा सार्वजनिक पत्ता लागतो आणि राउटरमध्ये हाक वळवण्याची नोंद. तो सार्वजनिक पत्ताही बहुतेक घरगुती जोडण्यांवर कायमचा नसतो. काल चाललेला आज दुसऱ्या कोणाचा असू शकतो. अशा वेळी नकार येतो तो अनोळखी घरातून.

कित्येक जोडण्यांवर मात्र राउटरलाही सार्वजनिक पत्ता मिळत नाही. पत्त्यांचा साठा अपुरा पडल्याने कंपन्या शेकडो ग्राहकांना एका पत्त्यामागे बसवतात. एकाच क्रमांकामागे पूर्ण चाळ राहावी तसा हा प्रकार. मोबाइल डेटावर तर तो नेहमीचाच आहे. ओळखायची खूण सोपी आहे. राउटरच्या पानावर ‘वॅन’चा जो पत्ता दिसतो आणि बाहेरची ‘माझा आयपी’ सांगणारी साइट जो दाखवते, ते दोन जुळले नाहीत तर मध्ये आणखी एक दरवाजा आहे. वॅनचा पत्ता 100.64 ते 100.127 या पट्ट्यातला असेल तर शंकाच नको. तो पट्टा 2012 मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला. या दरवाजाची किल्ली ग्राहकाच्या हातात नसते. राउटरमध्ये कितीही नोंदी केल्या तरी बाहेरची हाक तिथवर येतच नाही. स्थिर सार्वजनिक पत्ता कंपनीकडून विकत घेणे किंवा आतून बाहेर जाणारी जोडणी वापरणे, एवढेच मार्ग उरतात.

फायरवॉलचे एक वागणे इथेच सांगायला हवे. व्हीएनसीसारखा प्रोग्राम पहिल्यांदा चालतो तेव्हा विंडोज विचारते, त्याला खासगी नेटवर्कवर येऊ द्यायचे की सार्वजनिकवरही? माणूस ‘खासगी’वर खूण करतो आणि विसरतो. सहा महिन्यांनी राउटर बदलला जातो. विंडोजच्या दृष्टीने हे अनोळखी नेटवर्क असते, ते सार्वजनिक धरले जाते आणि जुनी परवानगी लागू होत नाही. दुकानात काहीच बदलले नाही असे सगळे शपथेवर सांगतात, आणि त्यांच्या परीने ते खरेही असते. नेटवर्कचे स्वरूप पुन्हा ‘खासगी’ केले की मौन सुटते.

ओळख पटत नाही

टीसीपीची जोडणी झाली, नाव आणि पासवर्ड विचारला गेला, आणि मग नकार आला, तर आधीचे दरवाजे विसरून जावे. दुकानातल्या संगणकांवर इथला पहिला अडथळा हमखास एकच: खात्याला पासवर्डच नसतो. बटण दाबले की सरळ पडदा उघडावा म्हणून तो ठेवलेला नसतो. पासवर्ड नसलेल्या खात्याने विंडोज फक्त समोर बसून प्रवेश देते, दुरून नाही. हा मुळातच घालून दिलेला नियम आहे. तो सैल करण्यापेक्षा पासवर्ड ठेवावा. दुसरा अडथळा पिनचा. रोज चार आकड्यांचा पिन टाकणाऱ्याला तोच आपला पासवर्ड वाटतो. पिन त्या यंत्रापुरता असतो, दुरून चालत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू होणाऱ्या संगणकावर त्या खात्याचा खरा पासवर्ड लागतो, जो बहुधा संगणक घेतला त्या दिवशी दुकानदाराच्या भाच्याने टाकलेला असतो.

चुकीचे पासवर्ड टाकत राहिल्यानेही नवा नकार तयार होतो. विंडोज 11 च्या 2022 नंतरच्या नव्या स्थापनांमध्ये 10 चुकांनंतर खाते 10 मिनिटे बंद राहते. टायगरव्हीएनसीसारखे प्रोग्राम पाच चुकांनंतर त्या पत्त्याला 10 सेकंद दूर ठेवतात, आणि पुन्हा चुकले की मुदत दुप्पट, मग चौपट होत जाते. पाहुण्याच्या प्रोग्रामात जुना पासवर्ड साठवलेला असेल तर तो स्वतःच चुका करत राहतो आणि माणसाने बरोबर टाकलेला पासवर्डही धुडकावला जातो. थोडे थांबणे हा इथला उपाय आहे, आणि घाईत असलेल्याला तोच जमत नाही. जुन्या पद्धतीच्या व्हीएनसीत पासवर्डाची फक्त पहिली आठ अक्षरे मोजली जातात, हेही जाता जाता लक्षात ठेवावे.

घड्याळाचा नकार विरळा, पण पाहिल्यावर विसरत नाही. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की लाइट गेल्यावर तारीख काही वर्षे मागे जाते. सुरक्षित जोडणीत यजमानाच्या प्रमाणपत्राची मुदत तपासली जाते. यजमानाची तारीख आणि पाहुण्याची तारीख जुळत नाही. संदेशात तारखेतल्या फरकाचा उल्लेख असतो, पण लोक पासवर्डकडे वळतात. काही रुपयांचा सेल बदलला की काम होते.

कधी दोन्ही बाजू निर्दोष असूनही जमत नाही. मार्च 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टने ओळखीच्या देवाणघेवाणीतली एक फट बुजवली आणि मे महिन्याच्या अद्ययावतीनंतर दुरुस्त झालेले पाहुणे दुरुस्त न झालेल्या यजमानांना जोडायला नकार देऊ लागले. जगभरातल्या कार्यालयांत एका सकाळी ‘काल तर चालत होते’ असे फोन सुरू झाले. त्यावर नोंदी बदलून नियम सैल करण्याचे सल्ले फिरले. खरा इलाज यजमानालाही अद्ययावत करण्याचा होता.

मध्यस्थाकरवी

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, रस्टडेस्क, क्रोम रिमोट डेस्कटॉप यांची तऱ्हा निराळी आहे. इथे यजमान आणि पाहुणा दोघेही आतून बाहेर, मध्यस्थ सर्व्हरकडे जातात आणि तो त्यांची गाठ घालून देतो. बाहेरची हाक आत यायचीच नसल्याने चाळीमागचा पत्ता, राउटरच्या नोंदी यांचा त्रास उरत नाही. लहान गावांत हेच प्रोग्राम रुळले ते याचमुळे. तिथे ‘नाकारले’ असा संदेश आला, तर आधी माणसाचा विचार करावा: समोरच्या पडद्यावर ‘स्वीकारा’चे बटण कोणी दाबले नाही, किंवा घाबरून ‘नाकारा’ दाबले. कोणी हजर नसताना शिरायचे असेल तर त्याचा वेगळा पासवर्ड आधी ठेवावा लागतो. मॅकवर 2019 च्या कॅटालिनापासून पडदा टिपण्याची परवानगी स्वतंत्र द्यावी लागते. ती नसेल तर जोडणी होते पण खिडक्यांतला मजकूर दिसत नाही.

‘स्वीकारा’ न दाबणारा कधीकधी अगदी शहाणा असतो. पडद्याचा ताबा घेऊन खात्यातले पैसे पळवण्याचे प्रकार वाढल्यावर रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्ये एनीडेस्कचे नाव घेऊन बँकांना सावध केले होते. दोष त्या प्रोग्रामाचा नव्हता. अनोळखी माणसाला कोड वाचून दाखवण्याचा होता. पैसे गेलेच तर 1930 या क्रमांकावर जितक्या लवकर कळवावे तितके बरे.

थेट जोडणी चालू झाल्यावर एक काम उरते. तपासणीच्या भरात कोणीतरी फायरवॉल ‘पाच मिनिटांसाठी’ बंद केलेली असते, राउटरमध्ये 3389 सगळ्या जगाला उघडे केलेले असते. असे उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्राम इंटरनेटवर अहोरात्र फिरतात, आणि क्रमांक बदलून 3390 केल्याने ते फसत नाहीत. मे 2019 मध्ये आरडीपीत सापडलेली ‘ब्लूकीप’ ही फट एवढी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टने पाठिंबा संपलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती काढली. म्हणून पाहुणा आणि यजमान यांना वायरगार्डसारख्या व्हीपीएनने आधी एका खासगी जाळ्यात आणावे आणि आरडीपी त्या जाळ्यातच ऐकू द्यावा. टेलस्केलसारख्या सेवांनी हे चाळीमागच्या पत्त्यावरूनही जमते. मग फायरवॉल पुन्हा चालू करावी, राउटरमधली ती नोंद पुसावी आणि मोबाइल डेटावरून, व्हीपीएन न लावता, दुकानाच्या सार्वजनिक पत्त्यावर 3389 ला शेवटची हाक मारून पाहावी. 21 सेकंद काहीच आले नाही, तर दुरुस्ती पूर्ण झाली.